रिठ्याचं पाणी आंबलं, कढई तेलकट राहिली... आता सुरुवात कुठून करू?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या या ताई नोकरी करतात. घरात नवरा, दोन शाळकरी मुलं आणि सासूबाई. स्वयंपाकघर 'इको-फ्रेंडली' करायचं त्यांनी दोन महिन्यांपूर्वी मनावर घेतलं. काचेच्या बरण्या, भाजीसाठी ऑर्गॅनिक कॉटनच्या बारा पिशव्या, गव्हाच्या काडाच्या ताटल्या, बांबूचे डबे, अन्न झाकायची मधमाशांच्या मेणाची कापडं (मेणकापडं), तांब्याच्या बाटल्या, 'बायोडिग्रेडेबल' कचऱ्याच्या पिशव्या अशी बावीस हजारांची यादी झाली आणि त्यातला निम्मा माल घरी येऊन पडला आहे. पण घरात कुणाची साथ नाही. सासूबाई आइस्क्रीमचे जुने डबे टाकू देत नाहीत, वर दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतात. नवऱ्याच्या मते हे सगळे चोचले. घरी केलेलं रिठ्याचं पाणी चौथ्या दिवशी आंबलं, कढया तेलकट राहिल्या, स्टीलवर पांढरे डाग आले आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी 'साबण द्या, नाहीतर दुसरी बाई बघा' असं सांगून टाकलं. व्हिनेगरने ओटा पुसला तर कडप्प्यावर पांढुरके चट्टे उठले. 'सुरुवात कुठून करू आणि या सगळ्यांना कसं पटवू?' असं त्या विचारतात.

ताई,

आधी एक काम करा. जो माल आला आहे पण फोडलेला नाही, तो तसाच राहू द्या आणि उरलेली ऑर्डर थांबवा. तुमची तळमळ खरी आहे, ती पत्राच्या ओळीओळीत दिसते. पण तुमच्या यादीतली एकही वस्तू घरातली कुठली वस्तू संपली, फुटली किंवा निकामी झाली म्हणून आलेली नाही. चालू डबा काढून टाकायचा आणि त्याच्या जागी दूरवरून खोक्यात, बबल-रॅपमध्ये गुंडाळून आलेली काचेची बरणी ठेवायची, यात कचरा वाढतो. जुना डबा तयार करताना जे इंधन लागलं, जो धूर झाला, तो होऊन गेला आहे. आता तो डबा जितकी वर्षं वापरात राहील तितकं त्याचं ओझं वाटलं जाईल. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये पिशव्यांचा असाच हिशेब मांडला होता. साधी पातळ प्लास्टिकची पिशवी एकदाच वापरून टाकली, तरी तापमानवाढीच्या मापात तिच्या बरोबरीला यायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. पातळ पिशवी चांगली असा याचा अर्थ नव्हे. गटार तुंबणं, गाईच्या पोटात जाणं हे त्या मापात मोजलेलंच नाही. पण नवं कापड फुकट पडत नाही, एवढं त्यातून नक्की कळतं. बारा नव्या पिशव्यांऐवजी जुनी चादर आणि दोन ओढण्या कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे द्या. चादरीच्या चार मोठ्या पिशव्या होतील आणि ओढणीच्या सहा लहान, तोंडाला नाडीवाल्या. ओढणीचं कापड पातळ असल्यामुळे आतली मिरची, आलं बाहेरून दिसतं आणि भाजीवाल्याला वजन करताना पिशवी उघडावी लागत नाही.

आता सासूबाई. त्यांना कसं पटवायचं असं तुम्ही विचारता, पण त्या दोरीवर काय चाललं आहे ते एकदा जवळून बघा. दुधाची पिशवी पातळ पण चांगल्या प्रतीच्या प्लास्टिकची असते आणि भंगारात तिला भाव मिळतो, अट एकच, ती स्वच्छ आणि कोरडी हवी. दुधाचा ओघळ राहिलेली पिशवी दुसऱ्या दिवशी आंबते, तिसऱ्या दिवशी तिला किडे लागतात, आणि मग ती निवडणाऱ्या बाईच्या हातालाही नकोशी होते. सासूबाई पिशवी विसळतात, ते पांढरं पाणी बहुधा कढीपत्त्याच्या कुंडीत ओततात, पिशवी उलटी करून चिमट्याला लावतात. ही पुनर्वापराची पहिली आणि सगळ्यांत अवघड पायरी आहे आणि ती तुमच्या घरी रोज पार पडते आहे. त्यात एकच भर घाला. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका. तिरका काप द्या आणि तो त्रिकोणी तुकडा एका बाजूने लटकता राहू द्या. तुटलेला कोपरा इतका लहान असतो की तो सिंकच्या जाळीतून किंवा केरातून निसटतोच, कुणाच्याही हाताला परत लागत नाही. रोजच्या दोन पिशव्यांचे वर्षाला सातशेहून जास्त तुकडे होतात. हे सासूबाईंना सांगून बघा. ज्या बाई पिशवी वाळत घालतात त्यांना ही गोष्ट एका वाक्यात कळेल.

आइस्क्रीमच्या डब्यांबाबत मात्र निम्मं तुमचं बरोबर आहे आणि निम्मं त्यांचं. डबे एकदा ओट्यावर मांडा आणि बुडाचा त्रिकोण बघा, त्यातला आकडा प्लास्टिकचा प्रकार सांगतो. २ किंवा ५ आकडा असेल आणि डबा पिवळा पडलेला, ओरखडलेला, चिकट झालेला नसेल, तर रवा, पोहे, साबुदाणा, पापड असल्या कोरड्या, गार जिनसांसाठी तो खुशाल वापरा. ३, ६, ७ आकड्यांचे आणि आकडाच नसलेले डबे खाण्यापासून लांब ठेवा. त्यांत खिळे, बटणं, बिया, मुलांचे खडू जातील. आकडा कुठलाही असला तरी कुठल्याच प्लास्टिकच्या डब्यात गरम भाजी, तेल, तूप, लोणचं, चिंचेचा कोळ घालायचा नाही. उष्णता, तेल आणि आंबट यांमुळे प्लास्टिकमधली द्रव्यं अन्नात उतरायला मदत होते. तेव्हा स्टील आणि काच आधी कुठे हवी, तर गरम, तेलकट आणि आंबट पदार्थांना. एवढ्यासाठी चार-पाच डबे पुरतात. काचेच्या बरण्या घरातच निघतील, जॅमच्या, मधाच्या, कॉफीच्या. स्टीलचे हवे असतील तर माळ्यावरची पिचकी पातेली, झाकण हरवलेले डबे गोळा करा आणि भांड्याच्या दुकानात मोडीत देऊन नवे घ्या. दारावर बोहारीण येत असेल तर जुन्या साड्यांवरही चांगला डबा मिळतो. आपल्याकडे हा व्यवहार पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे आणि त्यात खोकं, टेप, बबल-रॅप काहीच लागत नाही.

डबा बदलला की एक भलतीच अडचण येते, ती आधीच सांगून ठेवते, कारण त्यामुळे बरेच जण पुन्हा प्लास्टिककडे वळतात. स्टीलच्या साध्या डब्याचं झाकण हवाबंद नसतं. पावसाळ्यात रव्याला जाळी धरते, तूरडाळीत पोरकिडे होतात. रवा आणताक्षणी मंद आचेवर कोरडा भाजून, पूर्ण गार करून भरायचा. कोमट असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि बुरशी येते. तूरडाळीला किलोमागे चहाचा एक चमचा एरंडेल चोळायचं आणि शिजवण्याआधी डाळ गरम पाण्याने धुवायची. मसाले आणि मीठ काचेतच ठेवा, दमट हवेत मीठ स्टीललाही खातं.

यादीतल्या बाकीच्या वस्तूंपैकी गव्हाच्या काडाच्या ताटल्या बहुतेक वेळा काडाचा भुसा आणि प्लास्टिक यांचं मिश्रण असतात. त्या मातीत कुजत नाहीत आणि मिश्रण असल्यामुळे भंगारातही कुणी घेत नाही. 'बांबू फायबर'च्या कप-डब्यांतही भुकटी बांधून ठेवायला मेलामाइनचं रेझीन, म्हणजे एक प्रकारचं कडक प्लास्टिक, वापरलेलं असू शकतं, गरम चहा-आमटीसाठी ते नकोच. हे दोन्ही परत करा. मेणकापड चांगली वस्तू आहे, पण मधमाशांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. एप्रिल-मेच्या उकाड्यात कापड चिकट होतं, गरम पातेल्यावर टाकलं तर मेण आमटीत उतरतं, आणि गरम पाण्याने धुता येत नाही. वाटीवर ताटली झाकली की तेच काम होतं. तांब्याच्या बाटल्या ठेवायच्या तर फक्त पाण्यासाठी. मुलांनी त्यात लिंबू सरबत किंवा ताक नेलं तर ते कळकेल आणि पोट बिघडेल. घरात स्टीलच्या बाटल्या असतील तर तांब्याच्या नव्या आणून पर्यावरणाचं काहीही भलं होत नाही.

कचऱ्याच्या पिशव्यांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिथे फसवणूक जास्त होते. 'बायोडिग्रेडेबल' हा शब्द एकटा असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. किती दिवसांत, कुठे, कशात कुजणार? 'कंपोस्टेबल' पिशवीवर आयएस १७०८८ हे मानक आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असायला हवा. पण तशी पिशवीसुद्धा मोठ्या खत प्रकल्पात, ५८ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत कुजेल या हिशेबाने तपासलेली असते. गॅलरीतल्या कुंडीत तेवढी उष्णता टिकत नाही. तिथे ती महिनोन्महिने चिंध्यांसारखी पडून राहते आणि खत चाळताना हाताला लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा दिखाऊ पर्यावरणी दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'इको', 'ग्रीन', 'नॅचरल' असं नुसतं म्हणून चालत नाही, आधार द्यावा लागतो. म्हणून वेष्टनाची पुढची बाजू सोडा, मागची वाचा. सरकारी 'इकोमार्क' १९९१ पासून आहे, त्याची खूण मातीचं मडकं. ते मडकं दिसलं तर गोष्ट निराळी.

मुळात ओल्या कचऱ्याला पिशवी लागतेच कशाला? बादलीच्या तळाशी वर्तमानपत्राचे दोन पदर घाला, ओलं त्यावर टाका आणि रात्री बादली विसळून पालथी घाला. आणि तुमचा सुका कचरा निवडायला जी बाई येते, पुण्यात ती बहुधा 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेची सभासद असेल, तिला काळ्या बंद पिशवीत हात घालावा लागू नये. फुटलेली काच तर वेगळी, कागदात गुंडाळून, 'काच आहे' असं सांगून तिच्या हातात द्या. काचेच्या बरण्या वाढवणार असाल तर ही सवय आधी लागायला हवी.

आता रिठा आणि मावशी. माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच आहे.

पाणी आंबलं कारण रिठ्याच्या सालात साबणासारखा फेस देणाऱ्या द्रव्याबरोबर साखरही असते. ती पाण्यात उतरते आणि उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत फसफसते. यात तुमचं काही चुकलं नाही, तो त्याचा स्वभाव आहे. म्हणून महिन्याचं एकदम करायचं नसतं. १०० ग्रॅम बिया काढलेली सालं एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मोठ्या पातेल्यात घ्या, अर्ध्याहून जास्त भरू नका, नाहीतर फेस उतू जाऊन शेगडी माखते. मंद आचेवर वीस मिनिटं उकळा, गार झाल्यावर हाताने चोळून कापडातून गाळा. चोथा अर्धा लिटर पाण्यात पुन्हा उकळला तर दुसरं, पातळ पाणी निघतं, ते ओटा-फरशीला चालतं. पहिलं पाणी फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर रोज दोन खडे काढून घेता येतात. बाटलीवर 'रिठा, पिऊ नये' असं मोठ्या अक्षरांत लिहा, रंग सरबतासारखा दिसतो. आणि मुलांच्या डोळ्यांत उडू देऊ नका, फार झोंबतं.

पण एवढं करून रिठा काय काय करतो? कप, पेले, ताटं, वाट्या, वरणभाताची पातेली यांना तो उत्तम. भजी तळलेली कढई, डालडा लागलेला डबा, रस्सा आटलेलं पातेलं त्याच्या आवाक्याबाहेर आहे. तिथे मावशींना तिप्पट घासावं लागलं असणार आणि तेही फेस नसताना. फेस म्हणजे स्वच्छता नव्हे हे खरं, पण घासणाऱ्याला कुठे हात फिरला आणि कुठे राहिला, हे फेसावरून कळतं. मावशींची दिवसाला चार-पाच घरं असतील. तुमच्या घरी पंधरा मिनिटं वाढली तर शेवटच्या घरी त्या उशिरा पोचतात आणि बोलणी त्या खातात. त्यांचं म्हणणं तुम्ही विरोध म्हणून ऐकलंत. ती त्यांच्या कामाची अडचण आहे आणि ज्यांच्या हाताने हे रोज होतं त्यांना न विचारता साबण बदलला गेला, याचं त्यांना वाईट वाटलं असेल तर नवल नाही.

पांढरे डाग मात्र रिठ्याचे नाहीत. स्वच्छ ताटलीवर नळाच्या पाण्याचे चार थेंब टाका, पुसू नका, वाळू द्या. तिथेच पांढरी गोल रिंगणं उठली तर तो टँकरच्या किंवा बोअरच्या पाण्यातला क्षार आहे. साध्या साबणाचा जड पाण्यात चोथा होतो, रिठ्याचा होत नाही, उलट अशा पाण्यात रिठा बरा. उपाय म्हणजे भांडी निथळत न ठेवता लगेच कोरड्या फडक्याने पुसणं. जुने डाग काढायला लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व घालून स्टीलची भांडी पंधरा मिनिटं बुडवा आणि विसळा. पितळ, कल्हईची भांडी, ॲल्युमिनियम आणि बिडाचा तवा त्यात घालू नका.

मावशींशी बोलताना रिठ्यावर अडून बसू नका. तेलकट भांड्यांना नेहमीचा साबण राहू द्या आणि तो निम्मा कसा लागेल ते बघा. त्यासाठी दोन गोष्टी घरच्यांनी करायच्या आहेत. पहिली, कढई आणि तवा गरम असतानाच, पण हाताला सोसेल इतपत, चिमूटभर डाळीचं पीठ किंवा चाळणीतला कोंडा भुरभुरवून कागदाने पुसून घ्यायचा. पीठ तेल धरून ठेवतं. तो गोळा सुक्या पानांबरोबर खताच्या कुंडीत जातो, सिंकमध्ये तेल जात नाही आणि नळी तुंबत नाही. दुसरी, ताटातलं खरकटं प्रत्येकाने स्वतः काढून ताट विसळून ठेवायचं, मुलांनीसुद्धा. मावशींच्या हातात येणारं भांडं आधीच अर्धं स्वच्छ असेल तर साबण आपोआप कमी लागतो आणि त्यांची दहा मिनिटं वाचतात. अशी सुरुवात झाली तर पुढे रिठ्याचं बोलणं सोपं जाईल. पेल्यांपुरता वापरून बघा म्हणावं, नाही आवडला तर बंद.

साबणाची वडी कशात ठेवली आहे तेही बघा. बहुतेक घरी ती सपाट डबीत, पाण्यात पडलेली असते. खाली मऊ गाळ साचतो, घासणी त्यात बुडते आणि बोटभर साबण एका पेल्याला लागतो. तळाला भोकं असलेली डबी घ्या, किंवा जुन्या डबीला तापवलेल्या सुईने सात-आठ भोकं पाडा आणि खाली दोन चमचे आडवे ठेवा. वडी कोरडी राहते आणि बरेच दिवस पुरते. द्रव साबण असेल तर तो घासणीवर थेट न ओतता वाटीभर पाण्यात एक चमचा घालायचा.

घासणीचं म्हणाल तर हिरवी प्लास्टिकची घासणी झिजते, म्हणजे तिचे बारीक कण पाण्याबरोबर वाहून जातात. ती बदलण्यासारखी आहे, पण चालू घासणी संपल्यावर. नारळाच्या काथ्याची घासणी स्टीलला आणि बिडाला छान. पहिल्या दिवशी तिच्या काड्या गळतात, म्हणून वापरण्याआधी तासभर पाण्यात भिजवून आपटून घ्या आणि सिंकच्या तोंडाला जाळी लावा. नॉनस्टिकवर ती नको, तिथे वाळलेल्या घोसाळ्याची जाळी चालते. दोन्ही घासण्या पिळून, खिळ्याला टांगून वाळवायला लागतात. ओल्या राहिल्या तर आठवड्यात वास मारतात आणि मग नैसर्गिक वस्तूंच्या नावाने बोटं मोडली जातात.

व्हिनेगरचा विषय पटकन संपवते. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, आंबट लागलं की त्याचा वरचा थर विरघळतो. ते पांढुरके चट्टे मळाचे नाहीत, दगडच खाल्ला गेला आहे, म्हणून घासून जाणार नाहीत. खोबरेल तेलाचा हलका हात फिरवला की कमी दिसतील, पुरते घालवायचे तर पॉलिश करून घ्यावं लागेल. लिंबू, चिंच, संत्र्याची सालं गुळाच्या पाण्यात आंबवून केलेलं बायोएन्झाइम, सगळ्यांचं तेच होतं. कडप्प्याला कोमट पाणी आणि साबणाचे दोन थेंब पुरे. ग्रॅनाइटला एवढी धास्ती नाही. आणि खायचा सोडा व व्हिनेगर एकत्र करून जे फसफसतं ते दिसायला जोरदार, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि मागे जवळजवळ खारट पाणी उरतं. सोडा वेगळा वापरा, जळक्या तळाच्या स्टीलच्या पातेल्यात दोन चमचे सोडा आणि पाणी घालून उकळा, खरवड सुटते. ॲल्युमिनियमवर नको, काळं पडतं.

नैसर्गिक ते सगळं निर्धोक, असं धरून चालू नका. टिश्यू पेपर बंद केला म्हणून भजी वर्तमानपत्रावर काढली जातात, तेही चूक. छपाईच्या शाईतली द्रव्यं गरम तेलात उतरतात आणि अन्नसुरक्षेच्या २०१८ च्या वेष्टन नियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधायला बंदी घातली आहे. भजी स्टीलच्या चाळणीत काढा, खाली ताट ठेवा. निथळलेलं तेल परत फोडणीला येतं.

तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही, ती म्हणजे गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि तो जळून साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. स्वयंपाकघरातली पिशव्या-ताटल्यांची सगळी अदलाबदल एकीकडे आणि सिलिंडर चार-पाच दिवस जास्त पुरवणं दुसरीकडे, तर दुसरीकडचं पारडं जड होण्याचीच शक्यता जास्त. आणि यात खर्च होत नाही, उलट वाचतो. छोले, राजमा, हरभरे आठ-दहा तास भिजवा, तूरडाळ अर्धा तास. कुकरची शिट्टी म्हणजे बाहेर फेकलेली वाफ. पहिल्या शिट्टीनंतर आच अगदी बारीक करा आणि मिनिटं मोजा, शिट्ट्या मोजू नका. गॅस बंद केल्यावर वाफ आपली आपण जिरू द्या, शिजणं आत चालूच असतं. पहिलीच शिट्टी यायला नेहमीपेक्षा फार वेळ लागत असेल आणि झाकणाच्या कडेने फुसफुस होत असेल तर रबरी रिंग सैल झाली आहे, ती आजच बदला. डाळ, भात आणि बटाटे एकाच कुकरमध्ये तीन भांड्यांत लावा. ज्योत पिवळी दिसली, पातेल्यांची बुडं काळी होऊ लागली, तर बर्नरची भोकं तुंबली आहेत. शेगडी पूर्ण गार झाल्यावर बर्नर काढा, भोकं पिनेने मोकळी करा, ब्रशने घासा आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा.

हे नवऱ्यासमोर ठेवा. चोचले म्हणणाऱ्या माणसाला सिलिंडर लावल्याची तारीख कॅलेंडरवर लिहायला सांगा आणि पुढचा सिलिंडर लावला की त्याच्याकडूनच दिवस मोजून घ्या. पटवायला याहून वेगळं काही बोलावं लागणार नाही.

ओल्या कचऱ्याचं खत करायचं असेल तर ते या सगळ्यानंतर, पावसाळा संपल्यावर सुरू करा. तळाला आणि बाजूला भोकं असलेली दोन मोठी मडकी, जितका ओला कचरा तितकाच सुका पाला किंवा लाकडाचा भुसा, दोन दिवसांनी एकदा हलवणं. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालं आहे, भुसा वाढवा. मुंग्या लागल्या तर कोरडं पडलं आहे, पाणी शिंपडा. पांढऱ्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. एक मडकं भरलं की झाकून दोन महिने ठेवायचं आणि दुसरं सुरू करायचं.

आता आलेल्या मालाचं. ताटल्या, बांबूचे डबे आणि मेणकापडं परत जातात का ते आजच बघा, सहसा सात ते दहा दिवसांची मुदत असते आणि सील फोडलेलं घेत नाहीत. काचेच्या बरण्यांतल्या चार ठेवा, लोणचं, तूप, चिंचेचा कोळ आणि मीठ यांच्यासाठी. कापडी पिशव्या आल्याच असतील तर त्या वापरा, परत पाठवण्यात पुन्हा एक गाडी धावते. त्यातल्या दोन दाराच्या मागे खिळ्याला आणि एक ऑफिसच्या बॅगेत ठेवा, उरलेल्या नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत. कचऱ्याच्या पिशव्यांवर प्रमाणपत्राचा क्रमांक नसेल तर त्याही परत करा. आणि आज संध्याकाळी भजी-पुरी असं काही तळणार असाल तर मावशी यायच्या आधी कढईत डाळीचं पीठ भुरभुरवून बघा.